परत येताना ४०१(के) मोडला नाही

अमेरिकेतून कायमचं परत यायचं ठरलं की घर, गाडी, मुलांच्या शाळा यांच्या जोडीला एक प्रश्न हमखास उभा राहतो: ४०१(के)चं, म्हणजे नोकरीतून साठवलेल्या निवृत्ती खात्याचं, काय करायचं? न्यू जर्सीतल्या आमच्या परतणाऱ्यांच्या ग्रुपवर याचं उत्तर ठरलेलं असे. "मोडून टाका आणि मोकळे व्हा." सांगणारे आपुलकीनेच सांगत. पण मला वाटतं, त्या सल्ल्यामागे हिशेब कमी आणि कागदपत्रांची धास्ती जास्त होती. बारा-पंधरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत काढलेल्या माणसाला आणखी एक फॉर्म नकोसा होतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. तरीही म्हाताऱ्या वयासाठी साठवलेला पैसा केवळ कंटाळ्यापोटी मोडला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. मी २०२१च्या जुलैत, एकेचाळिसाव्या वर्षी पुण्याला परतले आणि माझा ४०१(के) अजून शाबूत आहे. ते कसं जमलं, ते लिहिते.

आधी मोडण्याचा हिशेब. ४०१(के) हे नाव अमेरिकेच्या करकायद्यातल्या कलमावरून आलं आहे, ते कलम १९७८ सालच्या कायद्याने आलं. पगारातून कर लागण्याआधी पैसे कापले जातात, कंपनी तिच्या बाजूने काही भर घालते, आणि कर लागतो तो काढताना. वयाच्या साडेएकोणसाठ वर्षांच्या आत काढले तर नेहमीच्या आयकरावर आणखी १० टक्के. समजा खात्यात ५०,००० डॉलर आहेत आणि नोकरी सोडली त्याच वर्षी ते काढले. पगारामुळे आपण आधीच २४ टक्क्यांच्या टप्प्यात असलो तर १२,००० केंद्राचा कर, ५,००० दंड. राज्याचा कर निराळा. म्हणजे हातात ३३,००० सुद्धा राहत नाहीत. हा आकडा कागदावर मांडला तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, "आणि हे आपण कशासाठी करायचं?"

एक गोष्ट इथेच सांगायला हवी. परतल्यावर सुरुवातीची दोन-तीन वर्षं आपण भारतीय करकायद्याच्या भाषेत 'निवासी, पण सामान्यतः निवासी नसलेले' असतो. त्या काळात परदेशातल्या उत्पन्नावर भारतात सहसा कर लागत नाही. ज्यांचं वय परतताना साठीच्या पुढे आहे, त्यांनी या वर्षांत थोडे थोडे पैसे काढले तर ते शहाणपणाचं ठरू शकतं, कारण १० टक्क्यांचा दंडही नसतो. एकेचाळिसाव्या वर्षी मला तो रस्ता नव्हता.

माझी खाती दोन होती. २००८ ते २०१६ या काळातल्या पहिल्या कंपनीचं एक, आणि दुसऱ्या कंपनीचं एक, ज्यात थोडा भाग रोथ प्रकारचा, म्हणजे आधीच कर भरून झालेल्या पैशाचा होता. पहिलं खातं नोकरी सोडल्यावर तसंच पडून होतं. मोठी रक्कम असेल तर कंपनी आपल्याला बाहेर काढू शकत नाही. छोट्या रकमा मात्र कंपनी आपणहून बाहेर काढू शकते: आता ७,००० डॉलरपर्यंतची (तेव्हा ही मर्यादा ५,००० होती) परस्पर आपल्या नावाच्या एखाद्या आयआरए या निवृत्ती खात्यात ढकलली जाते, आणि १,००० च्या आतली असेल तर सरळ चेक घरी येतो. इंटर्नशिपच्या वेळची अशी चिमुकली खाती विसरलेले कितीतरी जण मला माहीत आहेत.

राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी मी व्हेस्टिंग पाहिलं. आपण भरलेला पैसा पहिल्या दिवसापासून आपला, पण कंपनीने घातलेली भर टप्प्याटप्प्याने आपली होते. माझ्या दुसऱ्या कंपनीत सहा वर्षांनी पूर्ण शंभर टक्के होणार होतं. पाच वर्षं झाली होती, म्हणजे ८० टक्के. उरलेल्या २० टक्क्यांसाठी वर्षभर थांबावं का, यावर घरी बोलणं झालं. बाबांची तब्येत पाहता आम्ही ते सोडून दिलं.

मग प्रश्न आला, दोन्ही खाती तिथेच ठेवायची की एका आयआरएमध्ये आणायची? आयआरए म्हणजे कंपनीशी संबंध नसलेलं, आपण स्वतः उघडलेलं निवृत्ती खातं. ते १९७४च्या कायद्याने आलं. एकत्र करण्याचा फायदा उघड आहे: पुण्यात बसून दोन कंपन्यांच्या दोन वेबसाइटी, दोन पासवर्ड, दोन ठिकाणचे पत्ते सांभाळायचे नाहीत. तोटेही आहेत. पंचावन्नाव्या वर्षी किंवा त्यानंतर नोकरी सोडली तर त्या कंपनीच्या ४०१(के)मधून दंडाशिवाय पैसे काढता येतात. तीच रक्कम आयआरएत नेली की ही सवलत जाते आणि साडेएकोणसाठपर्यंत थांबावं लागतं. पंचावन्न ते साठच्या दरम्यान परतणाऱ्यांनी या एका मुद्द्यासाठी तरी घाई करू नये. मला तो लागू नव्हता.

माझा खरा अडसर वेगळाच निघाला. दोन-तीन गुंतवणूक कंपन्यांना फोन करून मी एकच प्रश्न विचारला: "माझा पत्ता भारतातला झाला तर खातं चालू ठेवाल का?" उत्तरं वेगवेगळी आली. एकीकडे नकार, दुसरीकडे "आधीपासून खातं असेल तर ठेवू, पण भारतातल्या पत्त्यावर नवं उघडणार नाही, आणि म्युच्युअल फंडात नवी खरेदी करता येणार नाही." हे कुठल्याही माहितीपत्रकात ठळक लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे परत येण्याच्या कित्येक आठवडे आधी, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या पत्त्यावर असतानाच मी दोन आयआरए उघडले, एक साधा आणि एक रोथ. कुणी मला विचारलं तर सगळ्यात आधी मी हेच सांगते. विमानात बसण्यापूर्वी खातं उघडा.

आता प्रत्यक्ष रोलओव्हर, म्हणजे जुन्या खात्यातले पैसे नव्या खात्यात हलवणं. दुसऱ्या कंपनीचं खातं सांभाळणाऱ्या संस्थेला फोन लावला, ओळख पटवली, आणि पलीकडच्या बाईंनी विचारलं, पैसे तुमच्याकडे पाठवायचे की नव्या संस्थेकडे? अगदी सहज विचारलं जातं, पण सगळी मेख या प्रश्नात आहे. "नव्या संस्थेकडे" म्हटलं की तो डायरेक्ट रोलओव्हर. एक डॉलरही कापला जात नाही. "माझ्याकडे" म्हटलं की कायद्याप्रमाणे संस्थेला २० टक्के कर कापूनच चेक द्यावा लागतो, मग आपला इरादा कितीही नेक असो.

माझ्या टीममधल्या सोलापूरच्या एका मुलाने त्याच सुमारास नोकरी बदलली होती आणि त्याला हा फरक कुणी समजावला नव्हता. खात्यात ३०,००० होते, घरी चेक आला २४,००० चा. उरलेले ६,००० थेट आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडे जमा. चेक हातात पडल्यापासून ६० दिवसांत नव्या खात्यात पूर्ण ३०,००० भरायचे होते, म्हणजे ६,००० स्वतःच्या खिशातून घालायचे. फक्त २४,००० भरले असते तर बाकीचे ६,००० 'काढले' असं धरून त्यावर कर आणि ६०० डॉलर दंड. त्याने भावाकडून उसने घेऊन मुदतीत भरले आणि कापलेली रक्कम पुढच्या वर्षी रिटर्न भरल्यावर परत आली. पण ते दोन महिने त्याचा जीव टांगणीला लागला होता. सत्तावीस वर्षांच्या मुलाला साधा एक फोन करताना एवढी जोखीम पत्करावी लागू नये, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. आयआरएमधून आयआरएमध्ये असं हातात पैसे घेऊन फिरवण्याला तर आणखी एक बंधन आहे: सगळे आयआरए मिळून बारा महिन्यांत एकदाच. संस्थेकडून संस्थेकडे परस्पर गेलेल्या पैशाला ही मर्यादा नाही.

मी डायरेक्ट म्हटलं आणि तरीही टपालाने चेक आला तो माझ्याच घरी. क्षणभर छातीत धस्स झालं. पण चेक नव्या संस्थेच्या नावाने होता आणि पुढे 'एफबीओ' आणि माझं नाव, म्हणजे 'हिच्यासाठी'. असा चेक आपल्या घरी आला तरी तो डायरेक्ट रोलओव्हरच समजला जातो, कारण तो आपल्या बँक खात्यात भरताच येत नाही. पाकिटात दोन चेक होते: एक साध्या भागाचा, एक रोथ भागाचा. साधा साध्या आयआरएत, रोथ रोथमध्ये. अदलाबदल झाली तर मोठाच घोळ. साधा पैसा रोथमध्ये गेला तर ते रूपांतर ठरतं आणि त्या वर्षी त्या सगळ्या रकमेवर कर लागतो. मी प्रत्येक चेकच्या मागे खाते क्रमांक लिहिला, फोटो काढले आणि सही घेऊन पोचवणाऱ्या टपालाने पाठवले.

पैसे पोचले, पण काम संपलं नव्हतं. जुन्या खात्यातले फंड विकून रोख रक्कम आलेली असते, आणि आपण सांगेपर्यंत ती नव्या खात्यात रोख म्हणूनच पडून राहते. आधीच्या फंडासारखी गुंतवणूक आपोआप होत नाही. माझ्या ओळखीच्या एका डॉक्टर बाईंचे पैसे असे कित्येक वर्षं नुसते पडून होते, आणि तेवढ्या काळात बाजार कुठल्या कुठे गेला. मी एडिसनमध्ये असेपर्यंतच, म्हणजे पत्ता बदलण्याआधी, फंड निवडून खरेदी पूर्ण केली.

रोथबद्दल दोन शब्द. त्यात कर भरून झालेला पैसा असतो आणि अटी पाळल्या तर काढताना अमेरिकेत कर नाही. अटींपैकी एक पाच वर्षांची आहे. ४०१(के)मधल्या रोथ भागाची वर्षं रोथ आयआरएच्या पाच वर्षांत धरत नाहीत, तिथली मोजणी आपण पहिल्यांदा कुठल्याही रोथ आयआरएत पैसे घातले त्या वर्षापासून सुरू होते. मी याआधी कधी रोथ आयआरए उघडलाच नव्हता, त्यामुळे माझं घड्याळ २०२१ पासून चाललं.

पुढच्या जानेवारीत पुण्यात १०९९-आर फॉर्म पोचले, म्हणजे निवृत्ती खात्यातून निघालेल्या रकमेचे दाखले. ग्रुपवर दर वर्षी या फॉर्मवरून गोंधळ उडतो, कारण पहिल्या चौकटीत पूर्ण रक्कम दिसते आणि वाटतं की आता एवढ्यावर कर बसणार. पाहायचं ते सातव्या चौकटीत: साध्या भागाच्या डायरेक्ट रोलओव्हरसाठी 'जी', रोथ भागासाठी 'एच'. करपात्र रकमेच्या चौकटीत शून्य. रिटर्नमध्ये पूर्ण रक्कम दाखवायची, करपात्र शून्य दाखवायची आणि शेजारी तो 'रोलओव्हर' असल्याचं नोंदवायचं. 'कर नाही तर दाखवायचं कशाला' म्हणून वगळलं की आयआरएसचं पत्र येतं. नंतर मेच्या सुमारास नव्या संस्थेकडून ५४९८ येतो, त्यात पैसे पोचल्याची नोंद असते. दोन्ही मी एकाच फाइलीत लावून ठेवले आहेत.

इथून पुढची बाजू भारताची. पत्ता बदलल्यावर संस्थेला डब्ल्यू-८बेन फॉर्म दिला, म्हणजे मी आता अमेरिकेची करनिवासी नाही असं लेखी सांगितलं. अमेरिकेतला फोन नंबर मात्र मी निघण्याआधीच इंटरनेटवर चालणाऱ्या स्वस्त सेवेकडे वळवून घेतला होता. ओटीपी त्याच नंबरवर येतो आणि तो हातचा गेला तर आपल्याच खात्याबाहेर उभं राहावं लागतं.

आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून मी भारताची पूर्ण निवासी झाले. तेव्हापासून दोन गोष्टी करायच्या. एक, रिटर्नमधल्या शेड्यूल एफएमध्ये, म्हणजे परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, हे खातं दाखवायचं, तेही भारतीय आर्थिक वर्षाप्रमाणे नव्हे तर ३१ डिसेंबरला संपणाऱ्या वर्षाप्रमाणे. न दाखवल्यास काळा पैसा कायदा २०१५ खाली १० लाख रुपयांचा दंड होऊ शकतो, म्हणून ही जागा रिकामी सोडू नये. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आयआरएच्या आत दर वर्षी व्याज, लाभांश जमा होत राहतात. अमेरिका त्यावर काढेपर्यंत कर घेत नाही. भारत मात्र निवासी माणसाच्या जगभरच्या उत्पन्नावर दर वर्षी कर मागू शकतो. मग तिथे एका वर्षी, इथे दुसऱ्या वर्षी कर, आणि एकाची वजावट दुसऱ्यात मिळवताना नाकी नऊ. यावर २०२१च्या वित्त कायद्याने कलम ८९ए आणलं. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडातल्या अशा खात्यांना ते लागू आहे. फॉर्म १०ईई भरून पर्याय निवडला की भारतातही कर त्याच वर्षी लागतो, ज्या वर्षी तिकडे पैसे काढल्यावर लागतो. फॉर्म रिटर्नच्या मुदतीच्या आत भरायचा. एकदा निवडलं की पुढच्या सगळ्या वर्षांना लागू, मागे घेता येत नाही. नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू होत असल्याने कलमांचे आकडे बदलतात, तेव्हा पुढे भरणाऱ्यांनी नवे क्रमांक पाहून घ्यावेत.

मी विचारलेल्या पहिल्या सीएंनी ८९ए ऐकलंही नव्हतं. दुसऱ्यांनी ते नीट वाचून माझ्या रोथवर बोट ठेवलं. हे कलम ज्या खात्यांवर 'काढताना कर लागतो' अशांसाठी आहे, आणि रोथवर काढताना कर लागतच नाही. म्हणजे रोथला या कलमाची छत्री धरता येत नाही. साध्या आयआरएसाठी मी १०ईई भरला. रोथमधलं दर वर्षीचं उत्पन्न त्यांच्या सांगण्यावरून वेगळं दाखवते. हा जाच आहे, पण रक्कम लहान आहे.

पैसे काढण्याची बाजू मी स्वतःची नव्हे, मामांची हाताळली. मामा मिशिगनमध्ये मोटार उद्योगात होते, नंतर नाशिकला आले. नागरिकत्व घेतलं नाही, ग्रीन कार्ड रीतसर परत केलं. जन्म १९५१चा. अमेरिकेत ठरावीक वयानंतर साध्या आयआरएमधून दर वर्षी किमान रक्कम काढावीच लागते. हे वय आधी साडेसत्तर होतं, २०१९च्या कायद्याने बहात्तर झालं, २०२२च्या कायद्याने त्र्याहत्तर, आणि २०३३ पासून पंचाहत्तर होईल. मामांना २०२४ मध्ये त्र्याहत्तर पूर्ण झाली.

"अगं, मला नको आहेत ते पैसे, वाढू देत की," मामा म्हणाले.

"मामा, तुम्हाला नको असले तरी काढायला लागतात. नाही काढले तर न काढलेल्या रकमेच्या २५ टक्के दंड."

हिशेब सोपा आहे. आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरची शिल्लक घ्यायची आणि आयआरएसच्या तक्त्यातल्या आकड्याने भागायचं. त्र्याहत्तरसाठी तो २६.५ आहे. शिल्लक २,६५,००० असेल तर काढायचे १०,०००. पुढच्या वर्षी भाजक २५.५, म्हणजे वय वाढतं तसा वाटा वाढतो. पहिल्या वेळची रक्कम पुढच्या वर्षाच्या १ एप्रिलपर्यंत काढली तरी चालते, पण मग एकाच वर्षात दोन वर्षांची काढावी लागते आणि कर एकदम वाढतो. म्हणून २०२४ची २०२४ मध्येच काढली. ही सक्तीची रक्कम दुसऱ्या निवृत्ती खात्यात रोलओव्हर करता येत नाही.

पैसे निघाले, पण ३० टक्के कापून. अनिवासी परदेशी माणसाला हा दर आपोआप लागतो. भारत-अमेरिका करारातल्या कलम २० प्रमाणे खासगी पेन्शनवर कर घेण्याचा हक्क फक्त राहत्या देशाचा, म्हणजे मामांच्या बाबतीत भारताचा. पण तो दावा डब्ल्यू-८बेनवर करावा लागतो, आणि त्यांचा जुना फॉर्म बाद झाला होता. सही केलेल्या वर्षानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीला त्याची मुदत संपते. संस्थेने तसं कळवलं नव्हतं. सीए म्हणाले, कराराप्रमाणे जो कर तिथे लागूच नव्हता त्याची वजावट इथे मागण्यात अर्थ नाही, तो तिथूनच परत मागा. मग मार्चमध्ये आलेल्या १०४२-एसच्या, म्हणजे कापलेल्या कराच्या दाखल्याच्या, आधारे १०४०-एनआर हे अनिवासींचं रिटर्न भरलं. परतावा आला, पण कित्येक महिन्यांनी. पूर्ण खातं एका फटक्यात मोडलं तर त्या एकरकमी रकमेला 'पेन्शन' म्हणायचं का, यावर तज्ज्ञांत वाद आहे, हे मामांना सांगितल्यावर दर वर्षी थोडं थोडं काढण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला.

याच कामात वारसाचा कागद पाहिला. ४०१(के)मध्ये पती किंवा पत्नी कायद्यानेच वारस असते, तिला डावलायचं तर तिची लेखी संमती लागते. आयआरएत हे संरक्षण आपोआप येत नाही, आणि जुन्या खात्यावरचं वारसाचं नाव रोलओव्हरबरोबर येतही नाही. मामांच्या आयआरएवर कुणाचंच नाव नव्हतं. पत्नीला ते खातं स्वतःच्या नावाने करून घेता येतं. मुलांना साधारणपणे दहा वर्षांत रिकामं करावं लागतं. शिवाय अनिवासी परदेशी माणसाच्या अमेरिकेतल्या मालमत्तेवर ६०,००० डॉलरच्या वर वारसाकर लागू होतो. मामींच्या नावाचा फॉर्म भरताना संस्थेने मेडॅलियन शिक्का, म्हणजे सही खरी असल्याची वित्तसंस्थेची हमी, मागितला नाही, हे नशीब. काही व्यवहारांत तो लागतो, नोटरीने भागत नाही, आणि भारतात तो मिळवणं फार कठीण आहे. माझ्या दोन्ही खात्यांवर नवऱ्याचं नाव पहिलं आणि मुलींची दुसरी, असे फॉर्म मी एडिसनमध्येच भरून ठेवले होते. मामांचा नवा डब्ल्यू-८बेन २०२८च्या डिसेंबरअखेर संपेल, त्या वर्षी दिवाळीत नाशिकला गेले की नवा सही करून घ्यायचा आहे.